नाकेदारांची येळवस

बार्शीहून तेरला जाणं म्हणजे परदेशगमन असतं, हे मिसरूड फुटून बरीच वर्षं झाली तरी मला ठाऊक नव्हतं. आमच्या बार्शीत इंग्रजांचं राज्य होतं आणि छोट्या लाईनच्या गाडीत बसून थोडं पुढं गेलं की निजामाचं. तिकडच्या मुलखाला आम्ही मोगलाई म्हणायचो आणि त्यापलीकडं त्याचा फारसा विचार करत नसू. शेंगा, तूर, कापूस तिकडून यायचा. त्याच्यामागं माणसंही यायची. ती आमच्यासारखीच भाकरी खायची आणि आमच्यासारखीच काट्यावर भांडायची, त्यामुळं ती परदेशी आहेत असं कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही. ज्याच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं होतं असा एकच माणूस मला भेटला. त्याच्या दारात मी येळवसेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला पिशवी घेऊन उभा होतो, आणि माझ्या नि त्या दाराच्या मध्ये कमरेएवढ्या उंचीवर एक बांबू आडवा होता.

"काय माल हाय?" बांबूपलीकडून एका उंच, वाळक्या गृहस्थानं विचारलं. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर गोंडा गळून गेलेली रूमी टोपी आणि पायात शेतातल्या वहाणा.

"माल नाही," मी म्हणालो. "मी हमीदचा मित्र. येळवसेला आलोय."

"मित्र हाव ते दिसायलंय. पिशवीत काय हाय?"

हमीद माझ्या शेजारीच होता. हे त्याचे मोठे चुलते. आईबाप लहानपणीच गेल्यावर यांनीच त्याला वाढवला होता. तरी त्याची वळकटीसुद्धा अंगणात सोडून पसरलेली होती. तो माझ्या कानाशी लागला. "उघड मुकाट्यानं. माझ्या अम्मीच्या मयतीला आलेल्या लोकांचीबी गठुडी बघितलीत यांनी."

मी पिशवी उघडली. त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. सदरा झटकला, पंच्याची घडी मोडली, कंगवा उजेडाकडं धरून त्याचे दात पाहिले. शेवटी आईनं दिलेला लाडवांचा डबा निघाला. त्यांनी झाकण काढून वास घेतला.

"कशाचे?"

"शेंगदाण्याचे."

"शेंगा कुठल्या?"

मी बार्शीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो, हमीदही तिथंच होता; बाजारात काय कुठून येतं ते मला पाठ होतं. मी म्हणालो, "इकडच्याच. बार्शीला शेंगा मोगलाईतूनच येतात."

यावर ते डबा हातात धरून लाडवांकडं बघतच राहिले. आतून चाचींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "ओ, पोरांना आत तं येऊ द्या, अंधार पडायलाय." यांचं लक्ष नव्हतं. शेंग जाताना इथून माल म्हणून गेली होती, तिच्यावर जकात बसली होती. आता तीच शेंग लाडू होऊन परत आली होती. हिला आपली धरावी की परकी, यावर त्यांचा विचार चालला होता. शेवटी त्यांनी निकाल दिला.

"जाताना शेंगा व्हत्या. परमुलखात जाऊन सुधरून आल्या. माफ."

मग नमुना म्हणून एक लाडू तिथंच उभ्याउभ्या खाल्ला, कोनाड्यातली करवंटी घेतली, तिच्यातल्या गेरूत बोट बुडवलं आणि माझ्या पिशवीवर फुली मारली. बांबू वर गेला. मी परदेशात पोचलो.

ते सगळी नोकरी करोडगिरीत होते. करोडगिरी म्हणजे निजामाच्या हद्दीवरची जकात. बार्शीकडं जाणाऱ्या एका रस्त्यावर त्यांचा नाका होता. येणाजाणारी प्रत्येक गाडी, प्रत्येक गाठोडं, बाळंतिणीच्या मांडीवरचं दुपटंसुद्धा त्यांनी तपासून सोडलेलं. असा माणूस चार पैसे बाळगून असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही नव्हतं, आणि त्याचं कारण त्यांचा प्रामाणिकपणा होता असंही मी म्हणणार नाही. त्यांना तपासायची आवडच इतकी जबर होती की वसूल करायचं राहून जायचं. एका गाडीतली भांडी बघण्यात ते असे रंगून जात की मागच्या गाड्या तशाच निघून जात. वरच्या साहेबाला हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं यांना मुदतीआधीच घरी बसवलं. नोकरीवरून उतरताना लोक हार घेऊन येतात. यांनी नाक्यावरचा जुना झालेला बांबू मागून आणला आणि घराच्या दारात लावला. गावानं त्यांना नाकेदार म्हणणं सोडलं नाही. हमीद त्यांना बडे अब्बा म्हणे आणि मी चाचा.

बांबूबरोबर गेरूही आला. त्या घरात फुली नसलेली वस्तू सापडायची नाही. चाचींच्या माहेरच्या ट्रंकेवर फुली, रांजणावर फुली, शेळीच्या पाठीवर फुली. शेळी चरून आली की परत तपासून परत फुली. चाची एकदा मला म्हणाल्या, "निकाह झाला त्या दिवशी माझ्या कपाळाला काय लागलंय म्हनून सासूनं पुसलं, तं गेरू." खरं की खोटं देव जाणे. त्या हे सांगत होत्या तेव्हा नाकेदार शेजारीच बसून होते आणि त्यांनी नाही म्हटलं नाही.

पण सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे हा माणूस हद्दीवर उभं राहून म्हातारा झाला आणि हद्दीपलीकडं त्यानं एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. बार्शी त्यांच्या नाक्यावरून चालत जाण्याच्या अंतरावर होती. मी विचारलं, "चाचा, एकदाही यावंसं वाटलं नाही?"

"म्या तिकडं गेलो तं म्याच माल झालो की," ते म्हणाले. "मग मला तपासायचं कुनी?"

त्यामुळं बार्शीबद्दल त्यांच्या कल्पना स्वतंत्र होत्या. मला ते 'विलायती पाहुणे' म्हणत, आणि तेही चेष्टेनं नव्हे. तिकडं ऊन कसं पडतं, हरभऱ्याला घाटे कधी धरतात, तिकडच्या बायका नवऱ्याला काय म्हणून हाक मारतात, हे सगळं त्यांनी त्या रात्री जेवताना मला विचारलं. मी म्हणालो, "इकडच्यासारखंच." या उत्तरानं ते फार नाराज झाले. इतकी वर्षं जी हद्द राखली तिच्या दोन्ही बाजूंना एकच असेल तर राखली कशाला, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मग मला त्यांची दया आली आणि मी थापा मारायला लागलो. बार्शीत कावळे जरा भुरके असतात असं मी सांगितलं. ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी शेतात एक भुरकट कावळा बसला तेव्हा ते हमीदला म्हणाले, "बग, तिकडचा हाय."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. आमच्या घरी हा सण नव्हता, म्हणून हमीदनं बोलावल्यावर मी आईला विचारलं होतं. ती ज्वारी निवडत होती.

"मुसलमानाच्या घरी सण?" ती म्हणाली.

"शेतात असतं सगळं. आणि त्या दिवशी भज्जी-आंबील असते, बाकी काही नसतं."

"आन् मोगलाईत?"

"हो."

आईनं एक खडा शोधून बाहेर टाकला. "वाटंत समिंदर लागतोय का?"

"नाही."

"मग जा," आई म्हणाली आणि सूप हलवायला लागली. धर्म बुडायचा तर तो समुद्रातच बुडतो, कोरड्या रस्त्यावर बुडत नाही, असं तिचं मत होतं. तिनं लाडू बांधून दिले.

येळवसेच्या दिवशी तेरमध्ये कुत्र्यांशिवाय कुणी उरलं नव्हतं. अख्खं गाव शेतात. प्रत्येक शेतात कडब्याची एक कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी केलेली, आत पाच दगड मांडून त्यांना चुना आणि काव, म्हणजे गेरू, लावलेली. हे पांडव. त्यांच्यापुढं ताज्या वालाच्या, हरभऱ्याच्या, कसल्या कसल्या पाल्याच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबिलाचं मडकं. आणि नियम एकच, की रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हाक मारून आपल्या कोपीत जेवायला बसवायचं. हाक न मारणं वाईट आणि हाक ऐकून न येणं त्याहून वाईट. माणसं एका शेतातून दुसऱ्या शेतात जेवत जेवत दिवस मावळवतात.

नाकेदारांच्या कोपीतली पूजा राधाक्का करायची. ती बांधाशेजारची विधवा बाई, हाडापेरानं मोठी आणि जिभेनं त्याहून मोठी. तिचा आणि चाचींचा हा जुना करार होता. आंबील चाचींची, पांडव राधाक्काचे. ती सकाळी आधी इथं यायची, नाकेदारांच्या करवंटीतली काव घेऊन पांडवांना लावायची, आंबील शिंपडत कोपीभोवती 'ओलगे ओलगे' ओरडत फिरायची आणि मग आपल्या शेतात जायची. त्या ओरडण्याचा अर्थ काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. नाकेदारांनी मला समजावलं, "ते कानडी हाय. तेबी परमुलखातूनच आलेलं."

"तपासून घेतलंत का?" मी विचारलं.

"तपासलं की. काय निघालं न्हाय आत."

त्या दिवशी मी किती जेवलो ते सांगायची लाज वाटते. हात आखडला की नाकेदार उठून येत, माझ्या पोटात दोन बोटं खुपसत आणि चाचींना सांगत, "जागा हाय अजून. भरा." रस्त्यानं जाणाऱ्याला ते हाका मारून बोलवत आणि माझ्याकडं बोट दाखवत, "विलायती पाहुने हायेत. बसा, तेंच्यासंगं जेवा." लोक बसत, माझ्याकडं पाहत आणि विचारत, "कुठले?" मी "बार्शी" म्हणालो की हसत. ते हसले तरी नाकेदारांचा पाहुणा तो पाहुणाच. पाणी आधी मला, गूळ आधी मला, कोपीतली सावलीही आधी मला. माझ्या सख्ख्या मामाच्या घरी माझं इतकं कुणी केलं नव्हतं.

त्यांच्याबद्दल सांगायचं आणि बैलांबद्दल सांगायचं नाही, असं करून चालायचं नाही. नाक्यावर असताना त्यांची एक रीत होती. गाडी थांबवली की तपासायच्या आधी ते बैलांपुढं कडब्याची पेंढी टाकत, म्हणजे बैल शांत उभे राहतात आणि आपल्याला निवांत बघता येतं. तेरच्या गाड्या शेंगा घेऊन त्याच रस्त्यानं बार्शीच्या बाजाराला जायच्या. त्यामुळं परिणाम असा झाला की तेरच्या बैलांना निजाम माहीत नव्हता, पण नाकेदार माहीत होते. ती उंच काळी शेरवानी रस्त्यात उभी दिसली की बैल थांबणार. नोकरी सुटली, नाका सुटला, तरी बैल काही विसरले नाहीत.

एकदा गावात लग्न होतं. नवरदेवाची गाडी वाजतगाजत वेशीतून आत आली आणि हे बिचारे बघायला म्हणून कडेला उभे राहिले. बैल जागच्या जागी थांबले. वाजंत्री पुढं निघून गेली आणि नवरदेव मागं. गाडीवाल्यानं शेपट्या पिरगाळल्या, चाबूक उगारला. बैल नाकेदारांच्या हाताकडं बघत उभे. इकडं मुहूर्ताची वेळ भरत आलेली. नवरीचा बाप धावत आला, हात जोडून म्हणाला, "नाकेदार, तेवढं तोंड फिरवा."

"म्या काय केलंय? म्या नुसता उभा हाय."

तोंड फिरवूनही उपयोग झाला नाही, कारण बैल शेरवानी ओळखत होते. शेवटी ते स्वतः घरी गेले, पेंढी घेऊन आले, बैलांनी ती शांतपणे खाल्ली आणि मगच वरात हलली. मुहूर्त गेला होता. भटजींनी लगेच दुसरा काढून दिला, तो वेगळा विषय. पण त्यानंतर तेरमध्ये लग्नाचं बोलावणं आलं की जोडीला विनंती यायची, वरातीच्या आधी या. ते आधी जात आणि रुखवत तपासून परत येत.

मी पुढची वर्षं येळवसेला जात राहिलो. दर खेपेला बांबू, दर खेपेला कंगवा उजेडाकडं, दर खेपेला एक लाडू नमुन्याला. माझी पिशवी गेरूनं इतकी रंगली की आईनं ती धुवायचा नाद सोडला. मला त्या माणसाचा लळा लागला होता. एखाद्या वर्षी त्यांनी पिशवी न बघता आत घेतलं असतं तर मी भांडलो असतो.

मग ते वाईट दिवस आले. वर्षभर रझाकारांच्या भीतीनं तिकडची माणसं आमच्या बार्शीत येऊन राहिली. हद्दीवर इतकी गडबड की त्या वर्षी येळवसेला जाणं झालं नाही. पुढं भादव्यात निजामाचं राज्य गेलं आणि भ्यायची पाळी दुसऱ्यांची आली. काय काय कानावर यायचं त्यानं आई भरल्या ताटावरून उठायची. तेरला नाकेदारांना कुणी हात लावला नाही. नुसतं कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. गेलेल्या सरकारचा माणूस, त्यात मुसलमान, त्याच्या ओट्यावर आपण बसलेलं कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असा ज्यानं त्यानं विचार केला. तेवढंही पुरतं.

बाजाराला आलेल्या एका गाडीवाल्यानं निरोप आणला. "नाकेदारांनी सांगितलंय, विलायती पाहुन्यानं यंदा येऊ न्हाय. माल पोचला म्हनून समजा."

हमीद जिनिंगमध्ये इंजिनावर होता. तिथं तेलकट हात पुसत त्यानं मला बाकीचं सांगितलं. सोलापूरचा त्याचा मामू बडे अब्बांना कायमचं तिकडं बोलावत होता. चाचींनी सामान बांधलं होतं. बडे अब्बांनी एकच अट घातली होती. येळवसेला त्यांच्या कोपीत गावातलं कुणी जेवायला आलं तर राहायचं, नाही आलं तर दुसऱ्या दिवशी तेर सोडायचं.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती लाडू वळतच होती. "नको म्हनतोय तेव्हा जायचंच असतंय," ती म्हणाली. "डबा मोठा घेतलाय यंदा."

या वेळी हद्दीवर रेल्वेत कुणी पेटी उघडायला सांगितली नाही. मी आणि हमीद ढोकी स्टेशनला उतरून चालत तेरला पोचलो, थेट शेतातच. गाडीरस्त्याच्या कडेला त्यांची कोप उभी होती. नाकेदार तिच्यापुढं बसले होते. सदऱ्यावरच. शेरवानी घडी करून बाजूला ठेवलेली. चाची आंबिलाच्या मडक्याशी. मडकं काठोकाठ भरलेलं, भज्जीवर साय धरलेली. आत पाच दगड कोरडे. चुना नाही, काव नाही. राधाक्का आली नव्हती.

मी पिशवी पुढं केली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बसा. उन्हातून आलाव."

"चाचा, तपासा की."

"आता हद्द कुठं हाय? तपासून करायचं काय?"

मला एकदम भडभडून आलं. गाव बोलत नाही हे मी ऐकून होतो, ते कसंबसं गिळलं होतं. पण पिशवी न बघता आत घेतलेलं मला सोसलं नाही. चाचींनी मान खाली घातली. त्यांच्यामागं फुल्या मारलेली ट्रंक होती. घराला कुलूप लावून त्या ती शेतातच घेऊन आल्या होत्या.

आम्ही जेवायला बसलो. रस्त्यानं माणसं जात होती. नाकेदार पहिल्यासारखे प्रत्येकाला हाक मारत होते, "या की, जेवून जावा." माणसं मान हलवत, "व्हय, येतो माघारी," म्हणत आणि पुढं सरकत. माघारी कुणी आलं नाही. दुपार कलली तशा त्यांच्या हाका हळू झाल्या, मग थांबल्या. शेवटी त्यांनी रस्त्याकडं पाठ केली.

तेवढ्यात हमीद उठला. कोपीला मागून आधार म्हणून लावलेला बांबू त्यानं ओढून काढला. तो दारातलाच जुना बांबू होता. कोप थोडी कलली, चाची ओरडल्या. मला काय करायचंय ते कळलं. आम्ही दोघांनी तो बांबू रस्त्यावर आडवा घातला, एक टोक बांधावर आणि दुसरं मी हातात धरून.

लांबून गावाकडं परतणारी गाडी येत होती. राधाक्काचीच. तिचा दीर गाडी हाकत होता आणि ती मागं दुरडी धरून बसली होती. बांबू बघून दिरानं गाडी कडेच्या रानात घालायचा विचार केला. बैलांचा कासरा त्यानं वळवलासुद्धा.

"अरे नाका असा लावत्यात व्हय?" मागून आवाज आला.

नाकेदार उठले होते. पाठ फिरवून बसलेल्या माणसाला आमची चूक कशी दिसली ते मला आजही कळलेलं नाही. "कडंनं सारी जागा मोकळी सोडलाव. गाडी रानातून जाईल न्हाय तं काय. व्हा बाजूला." त्यांनी शेरवानी उचलून अंगात घातली, बटणं न लावताच रस्त्यावर आले आणि माझ्या हातातला बांबू काढून घेतला.

बैलांनी त्यांना पाहिलं आणि थांबले.

दिरानं चुचकारलं, मग कासरा ओढला, मग शिवी दिली. बैल हलले नाहीत. राज्य बदललेलं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नाकेदारांनी सवयीनं मागं हात केला, हमीदनं पेंढी दिली, ती त्यांनी बैलांपुढं टाकली. बैल खायला लागले. मागून आणखी गाड्या आल्या होत्या. रस्ता अरुंद, त्याही थांबल्या.

दीर खाली न उतरताच म्हणाला, "नाकेदार, आता राज ऱ्हायलं न्हाय तुमचं."

"राज कधी माजं व्हतं?" नाकेदार म्हणाले. "नाका माजा व्हता. काय माल हाय?"

दिरानं राधाक्काकडं पाहिलं. राधाक्कानं मागच्या गाड्यांकडं पाहिलं, तिथं अर्धं गाव बसलेलं होतं आणि सगळे तिच्याकडं बघत होते. ती दुरडी घेऊन खाली उतरली, रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि वरचं फडकं काढलं.

"बगा काय बगायचंय ते," ती म्हणाली. "भज्जी हाय, उंडे हायेत. आन् सकाळधरनं एक घास गेला न्हाय घशाखाली, ते दुरडीत दिसायचं न्हाय."

नाकेदार वाकले. एकेक उंडा उचलून पाहू लागले, पण त्यांना काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. तरी त्यांनी सगळं नीट तपासलं. मग सरळ उभे राहिले आणि बांबू वर उचलला.

"महसुली माल न्हाय. जाऊ द्या."

"जायचंय कुनाला?" राधाक्का म्हणाली. "काव कुठं ठिवलीया? पांडव तसंच कोरडे बसिवलेत."

ती दुरडी डोक्यावर घेऊन कोपीकडं निघाली. चाची करवंटी शोधायला ट्रंक सोडू लागल्या. नाका उघडा होता, बांबू वर होता, पण कुठलीच गाडी पुढं गेली नाही. दिरानं थोडा वेळ वाट पाहिली, मग जू उतरवलं आणि बैल बाभळीला बांधले.